टाकीखालची जमीन

६ नोव्हेंबर २००४

आई,

इथे सकाळी तोंड धुताना पाणी बोटांना चावायला लागलं आहे. म्हणजे आपल्या वोन्जूत गच्चीवरच्या मडक्यांवर दहिवर गोठत असणार. आता तू बॉयलर लावशील, म्हणून घाईने लिहितो. पत्र मिळालं की आधी मी सांगतो ते कर, मग कोबीची किमची घालायला बस.

तुझ्या सत्तरीला मी हॉलमध्ये ओकच्या फळ्या बसवल्या तेव्हा तू म्हणालीस, जन्मभर मेणकापडावर लोळले, आता या वयात लाकडावर घसरून पडायचं का. तरी दुसऱ्याच दिवशी सगळ्या इमारतीला बोलावून ती जमीन दाखवलीस. त्याच जमिनीवर मी माझी माशांची टाकी ठेवली, हा शहाणपणा माझा. भरलेली टाकी म्हणजे चार-पाच माणसं एका जागी उभी केल्यासारखी. वजन ती जमीन सोसेल. ओल आणि उष्णता एकत्र आली तर मात्र सोसणार नाही. जमिनीखालच्या नळ्यांतून बॉयलरचं गरम पाणी फिरलं की टाकीखालच्या फळ्या कोंडतात, फुगतात, मग सुकून फाटतात. आणि ओकमध्ये एकदा काळा डाग उतरला की तो रंधा मारूनही जात नाही.

म्हणून हॉलचा कॉक बंद करायचा. स्वयंपाकघरात सिंकखाली नळ्यांची रांग आहे, प्रत्येक खोलीचा कॉक वेगळा. मी त्यांच्यावर पेनाने नावं लिहिली आहेत. फक्त हॉलचा बंद कर आणि तू आतल्या छोट्या खोलीत झोप. टाकीच्या कपाटाखाली मी प्लाय आणि पट्ट्या घालून हवा खेळायला फट ठेवली आहे, तिच्यात रबर, सतरंजी, जुना टॉवेल असलं काही कोंबू नकोस. पाणी बदलताना थेंब सांडला तर लगेच पूस. आणि अधूनमधून वाकून बघत जा, कुठे ठिबकत तर नाही ना.

तू म्हणशील, पोरगा तुरुंगात बसून जमिनीची काळजी करतोय. पण मे महिन्यात मी बाहेर येईन तेव्हा मला काम कोण देणार? दोक्सू माझ्या हाताखाली काम करताना मेला हे या धंद्यात सगळ्यांना माहीत आहे. कोणी दारात उभं केलंच तर मी त्याला आपल्या हॉलमध्ये आणून ती जमीन दाखवणार. माझ्याकडे दाखवायला दुसरं काही उरलेलं नाही.

गुडघ्यांना जपून.

ग्युसिक

१५ नोव्हेंबर

पोरा,

तुझं पत्र आलं. साक्षरता केंद्रातल्या बाई म्हणतात माझं अक्षर आता वाचता येतं, तर तूही वाचशील. न वाचता आलं तर तुझ्या साहेबांना विचार, ते आधी वाचतातच.

किमची झाली. खालच्या मजल्यावरची पान बाई आली होती मदतीला. ती मदतीला येते म्हणजे निम्मं खाऊन जाते.

सिंकखाली वाकले. वाकायला सोपं, उठायला पान बाई लागली. तू नावं लिहिली होतीस खरी, पण मागे स्वयंपाकघर, मोरी सगळं घासताना तिथेही मीच काथ्या मारला होता, तेव्हा ती गेली पुसून. आता कुठला हॉलचा ते कसं कळणार? चुकीचा बंद केला तर तुझी जमीन जाईल. म्हणून सगळेच बंद करून टाकले. बॉयलर फक्त भांड्यांच्या पाण्यापुरता लावते. कोळसा संपला की गोठणाऱ्या खोलीत तुम्हा दोघांना वाढवलं मी, मला थंडीचं कौतुक कोणी सांगू नये.

छोट्या खोलीत झोपत नाही. तिथे तुझे डबे, फळ्या, करवती, माणसाला पाय पसरायला जागा कुठे आहे? मी टाकीशेजारी गादी घालते. रात्री ठिबकलं तर कळेल. शिवाय पाण्याचा आवाज येतो, घरात कोणीतरी आहे असं वाटतं. त्या जाड्या माशाचं नाव मी वकील ठेवलं आहे. तुझ्या वकिलासारखाच आहे तो, तोंड उघडतो पण बाहेर काही येत नाही.

तुझी भाताची वाटी रोज भरून ठेवते. पूर्वी घरातलं माणूस बाहेर असलं की त्याची वाटी उबदार जागी रजईखाली ठेवायचे, तशीच. आता जमिनीवर भात गरम राहत नाही, म्हणून टॉवेलात गुंडाळून टाकीच्या काचेला टेकवून ठेवते, तुझा तो हीटर आहे ना, त्या बाजूला. सकाळी मीच खाते. वाया जात नाही.

आई

२८ नोव्हेंबर

आई,

तुझं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे. बराकीतल्या सगळ्यांना दाखवलं. वकिलाचं वाचून आमच्याकडचा एक म्हातारा इतका हसला की त्याला ठसका लागला.

कॉक बंद केलेस, शाब्बास. मला निम्मी काळजी तीच होती. सगळे बंद केलेस ते एका अर्थी बरंच झालं, शेजारच्या खोलीची उष्णताही फळ्यांमधून सरकत येते. तुला गार वाटलं तर विजेची चटई आहे, ती घाल. फक्त एकाच जागी रोज घालू नकोस. तिच्या खाली लाकडाचा रंग बदलतो. आज इथे, उद्या तिथे, अशी सरकवत जा.

मासे नीट आहेत ना? टाकीच्या आतला पारा सत्तावीसच्या खाली जाता कामा नये. त्या एंजल माशांना थंडी बिलकूल चालत नाही, एका रात्रीत पालथे पडतात. आणि जमिनीबद्दल तू काहीच लिहिलं नाहीस. फळ्यांच्या सांध्यावरून नख फिरवून बघ. नख अडलं तर लगेच कळव.

भाताची वाटी काचेला टेकवतेस ते ठीक, पण टॉवेल ओला होऊन खाली पाणी ओघळत नाही ना ते बघ.

ग्युसिक

१० डिसेंबर

ग्युसिक,

नख फिरवलं. अडत नाही. जमीन अशी गुळगुळीत आहे की पान बाई तिच्यात तोंड बघून केस सारखे करते. विजेची चटई घातली होती, सकाळी उचलली तर खाली फिकट चौकोन. माझा जीव उडाला. पुसलं, घासलं, दुपारपर्यंत गेला. आता ती गुंडाळून ठेवली आहे. रोज सरकवत बसायला माझे गुडघे तुझ्या बापाने करून दिलेले नाहीत.

पारा बघते. चष्मा लावून बघते. सव्वीस झाला होता एकदा, तेव्हा टाकीला एक रजई गुंडाळली, झाला परत सत्तावीस. दुसरी माझ्याकडे आहे.

एक सांगायचं होतं. घर गार आणि टाकी ऊन, त्यामुळे खिडक्यांना पाणी सुटतं. काचेवरून ओघळतं ते सरळ तुझ्या जमिनीवर. मी फडकं घेऊन बसते. सकाळी ते फडकं कडक झालेलं असतं, चपलेसारखं. याला काय करायचं ते लिही.

इनसुकचा मोक्पोहून फोन येतो. तुझ्या बहिणीला वाटतं मी लहान मूल आहे. घर गरम आहे का, जेवलीस का, गोळ्या घेतल्यास का. मी सांगते, जमीन इतकी तापली आहे की पाय ठेववत नाही. तिला खानावळीतून सुट्टी मिळत नाही, उगाच कशाला जीव टांगणीला लावायचा तिचा.

अक्षर वाकडं आलं आहे. बोटं ऐकत नाहीत.

आई

२२ डिसेंबर

आई,

खिडकीच्या पाण्याचं वाचून मला रात्रभर झोप लागली नाही. फडक्याने भागणार नाही. टाकीतून वाफ निघते, ती बंद घरात कोंडते आणि जिथे गार काच मिळेल तिथे पाणी होते. आज काचेवर, उद्या फळ्यांच्या सांध्यात. तिला बाहेर जायला वाट हवी.

खिडकी बोटभर उघडी ठेव. दिवसा आणि रात्रीही.

वाफ कोंडली की काय होतं ते मला कोणी शिकवायला नको. थंडीत गोंद धरत नाही म्हणून मी त्या दिवशी सगळ्या खिडक्या लावायला सांगितल्या. दोक्सू म्हणाला होता, दादा, डोळे चुरचुरतात, एक तरी उघडी ठेवू या. मी म्हणालो, जमीन उठली तर भरून तू देणार का? मग त्याने हात शेकायला शेगडी लावली आणि गोंदाची कोंडलेली वाफ पेटली. न्यायाधीशांपुढे मी हे सगळं सांगितलं आहे, तुला कधी सांगितलं नव्हतं. तेव्हा खिडकी उघडी ठेव. मी पुन्हा कधी कोणाला खिडकी लावायला सांगणार नाही.

तू माझी जमीन मुलासारखी सांभाळते आहेस. मे काही लांब नाही. आलो की आधी टाकी हलवू, मग सगळे कॉक उघडून दोघं हॉलमध्ये आडवे पडू.

ग्युसिक

५ जानेवारी २००५

पोरा,

खिडकी उघडली. काच कोरडी झाली. तू हुशार आहेस, बापावर गेला नाहीस.

दोक्सूचं वाचलं. त्याच्या आईला मी नवीन वर्षाच्या तांदळाच्या चकत्या उद्याच पाठवते. तू जेव.

दुसरी रजईही टाकीला लावली. पारा सत्तावीस. मी टाकीला पाठ लावून बसते, काच ऊन असते, पाठीला बरं वाटतं. वकील मागून माझ्या अंबाड्याकडे बघतो. थोडा खोकला आहे. इनसुकला लिहू नकोस.

जमिनीवर डाग नाही.

आई

१६ जानेवारी

आई,

या वेळचं पत्र लहान होतं, पण शेवटची ओळ वाचून पोट भरलं. खोकल्याला पान बाईकडून नासपती आणि मधाचा काढा करून घे. अंगावर काढू नकोस.

आणखी एक काम. माझ्या पेटीत पाणसळ आहे, ती पितळी पट्टी, मधे हिरवा बुडबुडा असलेली. ती टाकीच्या चारही बाजूंना जमिनीवर ठेव आणि बुडबुडा मधे राहतो का ते लिही. वजनाने एक बाजू दबली असेल तर आत्ताच कळलेलं बरं.

इथे एकजण आहे, त्याचा मेहुणा घरं बांधतो. मी त्याला आपल्या जमिनीचं इतकं सांगितलं की तो म्हणतो, सुटलास की मेहुण्याला घेऊन येतो बघायला. दोघांना तुझ्या हातचं सोयाबीनचं कालवण घालू.

लवकर उत्तर दे.

ग्युसिक

२ फेब्रुवारी

ग्युसिक,

तुला साहेबांनी सांगितलंच असेल. तुला आईच्या अंत्यविधीला सोडलं नाही म्हणून मी भांडणार होते, मग भांडले नाही. तू समोर आला असतास तर मी लोकांसमोर काय केलं असतं ते मला माहीत नाही.

पान बाई किमचीचं भांडं परत द्यायला गेली, दार कोणी उघडेना. तिने मला फोन केला. मी येईपर्यंत पहारेकऱ्याने कुलूप तोडलं होतं. कोणी तिला हलवलं नव्हतं. आई टाकीला पाठ लावून बसली होती, अंगावर बाबांचा जुना कोट. घरातल्या दोन्ही रजया टाकीला गुंडाळलेल्या होत्या आणि त्यावर तिची शाल दोरीने बांधली होती. खिडकी बोटभर उघडी. मांडीवर टॉवेलात गुंडाळलेली भाताची वाटी होती, दोन्ही हातांत धरलेली. भात गोठला होता.

डॉक्टर म्हणाले छातीत कफ आणि गारठा. मी विचारलं, दोन्हीपैकी काय. ते म्हणाले, बाई, आता काय फरक पडतो.

तुझी पत्रं तिने तांदळाच्या डब्यावर रचून ठेवली होती. तुला आलेली तिची पत्रं तुझ्याकडे आहेत, ती काढून परत वाच. मी तिची वाचलेली नाहीत, पण तुझ्या उत्तरांवरून मला सगळं कळलं. तिने तुला लिहिलं होतं की सगळे कॉक बंद केले. तू शाब्बास लिहिलंस. तिने लिहिलं असणार की काचेला पाणी सुटतं, आणि तू तिला ऐन थंडीत खिडकी उघडायला लावलंस. वोन्जूत, ग्युसिक. जिथे गोठलेल्या नदीवर पोरं ट्रक चालवतात.

तुझं शेवटचं पत्र तिने फोडलेलं नाही. ते मी फोडलं. पाणसळ शोधली आणि चारही बाजूंना ठेवून पाहिली. बुडबुडा बरोबर मधे आहे. वाकून टॉर्च मारून टाकीखालीही पाहिलं. कोरडी आहे. एक डाग नाही, एक फट नाही. मासे सगळे जिवंत आहेत, मला बघून तोंड उघडतात. तुला हेच विचारायचं होतं ना?

मी दर आठवड्याला फोन करत होते. ती म्हणायची, जमीन इतकी तापली आहे की पाय ठेववत नाही. मीही ते मानलं. मानलं तर मला यावं लागत नव्हतं.

एकोणपन्नासाव्या दिवसाचा विधी मार्चमध्ये आहे. तोवर घर असंच ठेवते. काय करायचं ते लिही. तुझी जमीन आहे.

इनसुक

१४ फेब्रुवारी

ताई,

साहेबांनी मला बोलावलं, बसायला सांगितलं, आणि म्हणाले, घरून वाईट बातमी आहे. मी काय विचारलं माहीत आहे? मी विचारलं, टाकी फुटली का.

तू कर भांडण, पण मला तेवढंच दिसतं ताई, त्यांचं तोंड.

आईची पत्रं काढली. सगळं त्यात आहे, लपवलेलं काही नाही. गार जमीन, रजई, कडक झालेलं फडकं, बोटं ऐकत नाहीत. मी प्रत्येक पत्र दोनदोनदा वाचलं होतं आणि दोन्ही वेळा जमिनीबद्दल काय लिहिलं आहे तेवढंच शोधलं. दोक्सू डोळे चुरचुरतात म्हणाला तेव्हाही मी फळ्यांकडेच बघत होतो. माझ्या कानात काही बिघाड आहे का ते मला कळत नाही.

सगळे कॉक उघड. बॉयलर पूर्ण लाव. खिडकी लाव. टाकीखालच्या फळ्या फुगतील, सांधे उकलतील, आवाज येईल, घाबरू नकोस. बंद मात्र करू नकोस. मासे पान बाईला दे, नको म्हणाली तर जो नेईल त्याला दे. तो बराकीतला माणूस आणि त्याचा मेहुणा, त्यांना मी सांगितलं आहे की दाखवायला काही नाही.

वाटी टाकू नकोस.

ग्युसिक

१२ मार्च

ग्युसिक,

विधी झाला. भिक्खूंनी मंत्र म्हटले, पान बाई आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त रडली. मासे तीच घेऊन गेली. वकिलाला बादलीत घालताना त्याला नावाने हाक मारून समजावत होती. दोक्सूची आई आली होती. तिला आईने चकत्या पाठवल्या होत्या, त्याचं रिकामं भांडं परत द्यायला. भांड्यात तिने लाल घेवडे घातले होते. आत आली नाही, दारातून नमस्कार करून गेली.

विधीसाठी परत आले त्याच दिवशी मी कॉक उघडले. कुठला हॉलचा ते मलाही कळलं नाही, सगळेच उघडले. सकाळपर्यंत काही झालं नाही. मग फळ्या बोलायला लागल्या, वसंतात नदीचा बर्फ तडकतो तसा आवाज. टाकी होती तिथली एक फळी टोकापासून टोकापर्यंत फाटली. तिच्या शेजारच्या दोन उठल्या, आता चालताना पाय अडतो. तू सांगितलं होतंस तरी मी दचकले, आणि मग खरं सांगते, मला बरं वाटलं.

मी खानावळीला कळवलं आहे की मेपर्यंत येत नाही. तुला माफ केलंय म्हणून राहत नाही. मला दुसरं घर नाही जिथे ती होती, एवढंच.

तिची गादी हॉलमध्ये, तिच्याच जागी घातली आहे. काल संध्याकाळी भात शिजवला, तुझी वाटी भरली, झाकण ठेवलं आणि रजईखाली जमिनीवर ठेवली. सकाळी हात घालून पाहिलं.

भात गरम होता.

इनसुक